तेल जाड की पातळ?

मैत्रिणींनो, तेलाविषयी लिहिते आहे म्हटल्यावर तुम्हांला वाटेल, शेंगदाण्याचं चांगलं की करडईचं, हाच विषय असणार. पण नाही. आजचं तेल मोटारीच्या इंजिनातलं! हसू नका. दोन-तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं, की तू यावर लिहिशील, तर मीही पदर तोंडाला लावून हसले असते.

आमचे हे नोकरीनिमित्त पुण्याला. सोलापूरला येतात ते शनिवारी. घरी मी, मुलगी, मामंजी आणि सासूबाई. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागतं. पहाटे सहाला त्यांना दवाखान्यात पोचवायचं, घरी येऊन डबे करायचे, दुपारी माझी अर्धवेळ शाळा. मामंजींना आताशा नीट दिसत नाही, म्हणून चौतिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. गाडी २०२१ सालची, लहानशी, पेट्रोलवर चालणारी. ती चालती ठेवणं म्हणजे काय, हे माझ्यासारखीलाच ठाऊक!

२०२३ च्या नोव्हेंबरात घराजवळच्या गॅरेजमध्ये गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली. डिसेंबर लागला, पहाटेची थंडी पडली, आणि किल्ली फिरवली की इंजिनातून टिक-टिक आवाज येऊ लागला. काही सेकंदच यायचा, मग थांबायचा. पण मागे शाल लपेटून बसलेल्या सासूबाई विचारायच्या, "काय गं, बंद नाही ना पडणार?" आणि मला छातीठोक उत्तर देता येईना.

किराण्याची यादी दोनदा तपासायची माझी सवय. त्या सवयीने गॅरेजचं बिल काढलं. तेलापुढे लिहिलं होतं, २०डब्ल्यू-५०. मग डॅशबोर्डच्या कप्प्यातली, प्लॅस्टिकच्या वेष्टनातून कधी बाहेरच न आलेली पुस्तिका उघडली. तिथे छापलं होतं, ०डब्ल्यू-२०. आता मी बी. ए., तेही मराठी घेऊन! या आकड्यांचा अर्थ काय कपाळ समजणार? दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत आमच्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "साखरेचा पाक गरम असताना कसा असतो, आणि निवल्यावर?"

झालं! निम्मं कोडं तिथेच सुटलं. तेलाचंही तसंच. गार असताना घट्ट, तापलं की पातळ. डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो, गार असताना तेल किती सहज वाहील. तो जितका लहान, तितकं तेल थंडीत लवकर पळतं. डब्ल्यू म्हणजे इंग्रजीतला विंटर, हिवाळा. दुसरा आकडा सांगतो, इंजिन तापून तेल शंभर अंशांवर गेलं की ते किती जाड राहील. शंभर अंशांवर पन्नासचं तेल वीसच्या तेलापेक्षा साधारण दुप्पट जाड असतं. हे आकडे म्हणजे अंश नव्हेत हं, नुसत्या प्रती. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या एका संस्थेने ठरवून दिलेल्या.

रात्रभर उभ्या गाडीतलं तेल खाली साठतं. सकाळी ते वर चढून सगळ्या भागांपर्यंत पोचेतो लोखंडावर लोखंड घासतं, आणि इंजिनाची बरीचशी झीज तेव्हाच होते. जाड तेल पोचायला उशीर लावतं. माझी टिक-टिक बहुधा तीच असावी, असं बाई म्हणाल्या.

तावातावाने मी गॅरेज गाठलं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "वहिनी, मी कशाला बदलू? तुमच्या मामंजींनीच सांगितलं, पातळ तेल घालू नका म्हणून."

माझा सगळा राग पाण्यात! मामंजींना जाब कसा विचारायचा? त्यांनी वीस वर्षं स्वतःची पद्मिनी हाकलेली. सासूबाईंच्या काळजीनेच त्यांनी हे केलेलं. दोन दिवस मी गप्पच होते. मग सासूबाईंचा प्रश्न आठवला, आणि संध्याकाळच्या चहाबरोबर पुस्तिका त्यांच्यापुढे ठेवली.

"हे बघ," ते म्हणाले, "सोलापूरचा उन्हाळा बेचाळीस अंशांचा. पाण्यासारखं तेल इथे टिकायचं नाही."

"पण मामंजी, आत शंभर अंश असतातच ना? हिवाळा असो की उन्हाळा. बनवणाऱ्यांनी तो हिशेब करूनच तेल ठरवलंय."

"मग माझी पद्मिनी वीस वर्षं चुकीच्या तेलावर चालली म्हणतेस?"

हाच खरा प्रश्न होता, मैत्रिणींनो. तेलाचा नव्हताच तो.

"नाही मामंजी. तिला तेच योग्य होतं. त्या इंजिनांच्या भागांमधल्या फटी मोठ्या, तिथे जाडच तेल हवं. पातळ तेल तिथे तग धरणार नाही. हिच्या फटी अगदी बारीक. गोधडीचा दोरा भरतकामाच्या सुईत ओवला जाईल का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग भिंग मागवून घेतलं आणि ते पान स्वतः वाचलं. शेवटी म्हणाले, "उद्या मिस्त्रीकडे जाऊ. मी येतो."

महिन्याभरापूर्वीचं तेल काढून टाकायचं म्हणजे पैसे गेलेच. मनाला लागलं. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही, एवढंच समाधान. तेल आणि फिल्टर बदलल्यावर आमच्या गाडीची टिक-टिक थांबली. पेट्रोलही किंचित कमी लागतंय. त्याचं सगळं श्रेय मात्र मी तेलाला देत नाही.

तुमच्या घरी गाडी असेल तर एवढं कराच. पुस्तिका उघडून तेलाचा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तेलाच्या दर्जाची खूणही तिथेच दिलेली असते, तीही उतरवा. शेजारणीच्या गाडीचा आकडा आपल्याला चालेलच असं नाही. गाडी जुनी झाली, तेल पिऊ लागली, तरी जाड तेल पुस्तिका परवानगी देत असेल तरच घाला. गॅरेजात डबा आपल्यासमोर फोडायला सांगा, आणि बिलावर आकडा लिहून घ्या. मधूनमधून गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा, तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवा आणि बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी नको, तसं जास्तही नको.

आमच्याकडे हे शेवटचं काम दर रविवारी मामंजी करतात. पट्टी डोळ्यांजवळ धरून मला हाक मारतात, "सूनबाई, बघ गं, बरोबर आहे ना?" मी हातातलं काम टाकून जाते.

आणि सासूबाई? पहाटे गाडीत बसल्या की आता काही विचारत नाहीत. डोळे मिटून घेतात. मी किल्ली फिरवते.