गोळ्यांआधी घड्याळ

दिवाळी होऊन महिना उलटला की चिवड्याच्या डब्याच्या तळाशी खवट वास येऊ लागतो. तेला-खोबऱ्यावर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया झालेली असते. आपण नाक मुरडतो नि डबा घासायला टाकतो. असंच काहीसं माणसाच्या मेंदूतही घडतं, हे मला सासूबाईंच्या आजारपणात कळलं.

गेल्या श्रावणात एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातली वाटी गळून पडली, तोंड वाकडं झालं, शब्द बोबडे येऊ लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पित्त असेल, जरा पडू द्या त्यांना." पण ह्यांनी तडक रिक्षा आणली. दीड तासाच्या आत आम्ही इस्पितळात होतो. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. गुठळीनं रक्तवाहिनी बंद झाली होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. ते मिळालं. आज सासूबाई काठी घेऊन चालतात, बोलणंही बरंच सुधारलंय. हात मात्र अजून जड आहे.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो तो एकच शब्द बोलायचा: अँटिऑक्सिडंट! वन्संनी तर 'ई' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलची महागडी बाटलीच आणली. "आईला रोज दे हं, मेंदू पुन्हा ताजा होतो." आता आली का पंचाईत? सुनेनं नको म्हटलं, की 'हात आखडला' असा अर्थ निघायचा! म्हणून पुढच्या तपासणीला बाटली घेतली आणि वन्संनाही बरोबर नेलं.

डॉक्टरांनी बाटली बाजूला ठेवून सगळं समजावून सांगितलं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू तो खातो सुमारे २० टक्के! त्यात तो स्निग्ध पदार्थांनी भरलेला, म्हणून लवकर खवटणारा. 'फ्री रॅडिकल' म्हणजे जोडीचा इलेक्ट्रॉन हरवलेले कण. जोडी जमवायला ते शेजारच्या कणांवर झडप घालतात. एरवीही ते शरीरात तयार होतातच, पण त्यांना आवरणारी द्रव्यं शरीराकडे असतात. गुठळीनं रक्त अडलं, की हा बंदोबस्त कोलमडतो. आणि रक्त पुन्हा सुरू झालं, की एकदम आलेल्या प्राणवायूबरोबर या कणांचा लोंढाच येतो.

"मग रक्त सुरू तरी का करायचं?" वन्संनी विचारलं.

"कारण मोठी रक्तवाहिनी बंद राहिली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात," डॉक्टर म्हणाले.

या कणांना आवरणारी औषधं शास्त्रज्ञांनी करून पाहिली आहेत. एन. एक्स. वाय. ०५९ नावाच्या औषधानं २००६ साली आशा दाखवली; पण २००७ साली ३,००० हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. जपाननं २००१ साली एडारावोन मान्य केलं. ते आपल्याकडेही वापरतात, पण इस्पितळात, शिरेतून. सगळ्या देशांनी ते अर्धांगवायूसाठी स्वीकारलेलं नाही.

आणि ती बाटली? 'ई' जीवनसत्त्वाच्या अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब २०१० साली मांडला गेला. गुठळीचे झटके १० टक्क्यांनी कमी, पण मेंदूतल्या रक्तस्रावाचे २२ टक्क्यांनी जास्त! सासूबाईंना तर रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. वन्संनी मुकाट्यानं बाटली पर्समध्ये टाकली. मला मात्र हायसं वाटलं. नकार सुनेचा नव्हता, डॉक्टरांचा होता.

आवळा, पेरू, पालेभाज्या जेवणात अवश्य असू द्या. ते चांगलं अन्न आहे. झटक्यावरचं औषध नव्हे. त्याहून मोलाचं म्हणजे रक्तदाब मोजणं, त्याची गोळी न चुकवणं, लोणचं-पापड नि वरचं मीठ कमी करणं आणि घरातली तंबाखू बंद करणं.

आमच्या फ्रिजवर मी एक कागद चिकटवलाय. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय: यांतलं एक जरी अचानक दिसलं, तरी घड्याळात वेळ बघून लिहून ठेवायची, १०८ ला फोन करायचा, स्कॅनची सोय असलेलं इस्पितळ गाठायचं. तोंडात पाणी नाही, साखर नाही, गोळी नाही. तुमच्या गावात अशी सोय कुठे आहे, एवढं आजच विचारून ठेवा.