काचपट्टी आणि घरातील मौन

शरीरातील गाठ काढून ‘तपासणीला पाठविली’ असे म्हटले की पुढचे काम यंत्राचे, अशी बहुतेकांची समजूत असते. रक्तातील साखरेचा आकडा जसा यंत्रातून छापून येतो, तसाच गाठीचा अहवालही येत असेल असे वाटते. वस्तुतः त्या अहवालाखाली ज्यांची सही असते ते पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे विकृतिशास्त्राचे डॉक्टर, स्वतःच्या डोळ्यांनी पेशी पाहून निर्णय करीत असतात. सराफाने सोने कसाला लावावे, भुसार व्यापाऱ्याने मुठीत दाणे घेऊन मालाची प्रत सांगावी, त्या जातीचे हे काम आहे. मात्र येथे पारख चुकली तर होणारा तोटा पैशात मोजता येत नाही.

काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये बुडवून टिकविला जातो. नंतर त्यातील पाणी काढून तो मेणात बसवितात. मेणाच्या त्या ठोकळ्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण विसाव्या भागाइतके पातळ काप घेतात आणि ते काचपट्टीवर चढवून दोन रंगांत रंगवितात. त्यांपैकी हेमॅटॉक्सिलिन हा रंग मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडाच्या गाभ्यातून मिळतो. एके काळी कापड रंगविण्यासाठी या लाकडाचा मोठा व्यापार चालत असे. दुसरा रंग इओसिन. पहिल्याने पेशीचे केंद्रक निळसर जांभळे होते, दुसऱ्याने भोवतालचा भाग गुलाबी. वर्षानुवर्षे अशा काचपट्ट्या पाहणाऱ्या डॉक्टरांना बहुतेक चित्रे ओळखीची वाटतात. कसोटी लागते ती अनोळखी चित्र समोर आल्यावर.

अशा वेळी अनुभवी डॉक्टर रोगाचे नाव आठवू लागत नाही. दिसते आहे ते खरे आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी चिमट्यात दाबल्या गेलेल्या पेशी लांबट आणि काळपट होऊन भलत्याच रोगाचा भास निर्माण करतात. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालण्यास उशीर झाला तर पेशी कुजू लागतात आणि त्यांची रूपे पुसट होतात. कधी दुसऱ्याच रुग्णाच्या तुकड्यातील एखादा कण काप घेताना पाण्यावर तरंगत येऊन काचेवर बसतो. शल्यविशारदांच्या हातमोज्यांना पूर्वी लावीत असलेल्या पिठीचे कण शरीरात राहिले की त्यांच्याभोवती क्षयरोगासारख्या दिसणाऱ्या गाठी तयार होत. ध्रुवीभूत प्रकाशात पाहिले की पिठीच्या त्या कणांत लखलखीत फुली दिसते आणि उलगडा होतो. पोत्यात दिसलेला वेगळा दाणा त्याच शेतातला की वाहतुकीत मिसळलेला, हे ठरविल्यावाचून शहाणा व्यापारी मालाला नाव ठेवीत नाही. तीच ही रीत आहे.

दिसते ते खरे ठरले, तरी त्याचा अर्थ काचपट्टी एकटी सांगू शकत नाही. त्यासाठी माणूस माहीत असावा लागतो. आपल्या देशातील विकृतिशास्त्राचे अध्वर्यू डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना कमरेच्या त्वचेवर होणारा एक कर्करोग त्यांच्या पाहण्यात आला. कर्करोग म्हणून पेशींचे चित्र नवे नव्हते. त्याची जागा नवलाची होती. धोतर किंवा साडी कमरेला घट्ट बांधण्याच्या सवयीमुळे त्वचेचा तोच पट्टा वर्षानुवर्षे घासला जातो, याच्याशी त्यांनी त्या रोगाचा संबंध जोडला. १९४५ साली त्यांनी सहकाऱ्यासह हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि ‘धोतराचा कर्करोग’ हे नाव वैद्यकाच्या ग्रंथांत गेले. रुग्ण कसा राहतो आणि काय नेसतो हे ज्याला ठाऊक होते, त्यालाच तो अर्थ लागला.

हे माहीत असूनही तपासणीच्या अर्जावर ‘रुग्णाची माहिती’ या शीर्षकाखालील जागा पुष्कळदा कोरी असते. दक्षिण महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावात, भुसार मालाची पेढी असलेल्या एका घरात असेच घडले. बावीस वर्षांच्या मुलीच्या मानेवर गाठ आली. तिच्या विवाहाची बोलणी पक्की होत आली होती. गाठ काढून शहरातील प्रयोगशाळेकडे पाठविली, तेव्हा अर्जावर वय आणि ‘मानेवर गाठ’ एवढेच लिहिले होते.

प्रयोगशाळेतील डॉक्टर बाईंना काचपट्टीवर जे दिसले ते कोणत्याही एका साच्यात बसेना. लसीकाग्रंथीत ठिकठिकाणी मृत पेशींचे पुंजके होते, केंद्रकांचा चुरा पसरला होता आणि त्याभोवती मोठ्या, जोमाने वाढणाऱ्या पेशींची दाटी होती. आपल्याकडे मानेतील गाठीत मृत भाग दिसला की मनात पहिला विचार क्षयरोगाचा येतो. मोठ्या पेशींची दाटी पाहिली तर लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग, असा संशय येतो. पहिला निर्णय दिला तर मुलीला किमान सहा महिने औषधे. दुसरा दिला तर केमोथेरपी. आणि दोन्ही चुकीचे असण्याचा संभव होता.

मुलीच्या वडिलांचा दूरध्वनी तिसऱ्याच दिवशी आला. “मॅडम, काही तरी एक लिहून द्या. रविवारी पाहुणे यायचे आहेत.” डॉक्टर बाई म्हणाल्या, “काका, पाहुणे रविवारी येऊन जातील. मी लिहिलेले मात्र मुलीच्या नावावर कायमचे राहील.” मग त्यांनी ताप, पूर्वी घेतलेली औषधे आणि घरातील आजार यांविषयी विचारले. वडिलांनी तिन्ही प्रश्नांना ‘काही नाही’ असे उत्तर दिले. थोड्या वेळाने मुलीच्या आईने स्वतः दूरध्वनी केला. “पंधरा दिवस ताप होता. गावातल्या डॉक्टरांनी बारीक गोळ्या दिल्या, त्याने उतरला. आणि आमच्या धाकट्या भावजींना दोन वर्षांपूर्वी टीबी झाला होता. हिच्या लग्नाचे चालले होते, म्हणून कुठे बोललो नाही.”

त्या बारीक गोळ्या स्टेरॉइडच्या निघाल्या. लिम्फोमा असता तर अशा गोळ्यांनी गाठ तात्पुरती आक्रसून चित्र फसवे होऊ शकले असते. घरात क्षयरोग होता म्हणून तोही सहज सोडून देता येत नव्हता. जंतूंची वाढ करून पाहण्याचा मार्ग बंद झाला होता, कारण संपूर्ण गाठ फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आली होती आणि फॉर्मॅलिनमध्ये जंतू जिवंत राहत नाहीत. गाठीचा एक भाग वेगळ्या बाटलीत साध्या सलाइनमध्ये पाठविला असता, तर तो मार्ग मोकळा राहिला असता.

डॉक्टर बाईंनी ठोकळ्याचे आणखी खोलवरचे काप घेतले. क्षयाच्या जंतूंसाठीचा विशेष रंग देऊन पाहिला. जंतू दिसले नाहीत. तेवढ्याने क्षय नाही असे ठरत नाही, हे त्या जाणून होत्या. त्यांचे लक्ष वेधले ते एका गैरहजेरीने. एवढ्या मृत पेशींच्या आसपास न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गर्दीने यावयास हव्या होत्या. त्या जवळजवळ नव्हत्याच. उलट चंद्रकोरीच्या आकाराचे केंद्रक असलेल्या भक्षक पेशी सर्वत्र होत्या. पेशींची जात ओळखणाऱ्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री चाचण्यांत त्याच भक्षक पेशींनी मायलोपेरॉक्सिडेज हा गुणधर्म दाखविला, आणि जोमाने वाढणाऱ्या त्या मोठ्या पेशी कर्करोगाच्या नव्हेत हेही स्पष्ट झाले. अकराव्या दिवशी अहवाल गेला : किकुची रोग.

जपानमधील किकुची आणि फुजिमोतो या दोघांनी १९७२ मध्ये स्वतंत्रपणे या रोगाचे वर्णन केले. तरुण स्त्रियांच्या मानेतील ग्रंथी सुजतात, ताप येतो आणि बहुधा काही महिन्यांत सर्व आपोआप शमते. १९८८ साली अमेरिकेतील दोन विकृतिशास्त्रज्ञांनी अशा १०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील अनेकांच्या बाबतीत आधी लिम्फोमाचा संशय घेतला गेल्याचे दिसून आले. काही रुग्णांत पुढे ल्युपस हा विकार आढळतो, म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि पुढील काही काळ देखरेख आवश्यक असते. या मुलीच्या गाठी तीन महिन्यांत विरल्या. दरम्यान तिच्या वडिलांनी मुलाकडच्या मंडळींच्या घरी स्वतः जाऊन, गाठीपासून भावाच्या क्षयापर्यंत सर्व हकीकत सांगितली. साखरपुडा दोन महिने पुढे गेला, एवढेच.

व्यापारी घरांत अब्रू जपण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि तिच्यात गैर काही नाही. परंतु पेढीवर हिशेब तपासणाऱ्यापुढे जो माणूस एक पानही झाकीत नाही, तोच डॉक्टरांपुढे घरातील आजार झाकतो, ही विसंगती लक्षात घेतली पाहिजे. डॉक्टरांना सांगितलेले गावभर होत नाही. न सांगितलेले मात्र काचपट्टीवरील चित्राचा अर्थ बदलून टाकते. ‘निश्चित सांगता येत नाही, आणखी तपासणी हवी’ असा अहवाल आला की डॉक्टरांना काही कळले नाही, असा निष्कर्ष काढून प्रयोगशाळा बदलण्याची घाई होते. पुष्कळदा तेच त्या अहवालातील सर्वांत प्रामाणिक वाक्य असते. दुसरे मत अवश्य घ्यावे. मात्र ते घेताना केवळ अहवालाचा कागद न नेता काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळाही मागून न्यावा. प्रयोगशाळा तो जपून ठेवतात आणि त्यातून नवे काप निघू शकतात.

गाठ काढण्याचा दिवस ठरला की घरातील कर्त्या माणसाने आदल्या रात्री एका कागदावर लिहून ठेवावे : ताप केव्हापासून, वजन किती घटले, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, घरात कोणाला क्षय, कर्करोग किंवा सांधेदुखीचा जुना विकार आहे का, पूर्वी काढलेल्या गाठींचे अहवाल कोठे आहेत. तुकडा कोणत्या बाटल्यांत जाणार हे शल्यविशारदांना विचारावे, आणि तो कागद अर्जाला टाचणी लावून सोबत पाठवावा.