जवळ म्हणजे किती जवळ?

आपल्या वऱ्हाडात कुणाला रस्ता विचारा, उत्तर ठरलेलं. "हे काय, इथंच तर आहे!" मग तुम्ही चालत राहता.. चालत राहता.. आणि ते 'इथंच' काही येत नाही. :) कोस, हाकेचं अंतर, विडी संपेपर्यंतची वाट.. आपली मापं सगळी अशीच, माणसाच्या पायाची.

नकाशा मात्र मीटरमध्ये बोलतो. माझं काम त्याच्याशीच. क्यूजीआयएस नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात एका ठिकाणाभोवती ठराविक अंतराचं वर्तुळ काढता येतं. त्याला म्हणायचं बफर. फक्त मोजायच्या आधी नकाशा अंशांतून मीटरमध्ये आणावा लागतो. कारण आपल्याकडे उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, पण पूर्व-पश्चिम जेमतेम १०४. अंशातलं वर्तुळ जमिनीवर गोल राहतच नाही. अजून एक गंमत: अकोला आणि अमरावती ही दोन्ही शहरं नकाशाच्या ४३ व्या पट्ट्यात येतात, पण ७८ अंशाची रेघ अमरावती जिल्ह्यातूनच जाते. म्हणून धामणगाव रेल्वे ४४ व्या पट्ट्यात!

हे सगळं आठवायचं कारण अकोल्याची माझी मावसबहीण. जावई ऑटो चालवतात. लेकीसाठी आरटीईच्या २५ टक्के जागांचा अर्ज भरायचा होता. त्यात गुगलच्या नकाशावर आपल्या घराची खूण करायची, मग शाळा किती दूर ते ठरतं. तेव्हा एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी होती, मग तीनपर्यंतच्यांना. तिचं घर जुन्या शहरात, हवी ती शाळा मोर्णेपलीकडे. सरळ रेघेनं आठशे मीटर भरले.

मी आपला हौशी. रस्त्यांचं जाळं घेऊन पुलावरून जाणारं अंतर काढलं. पावणेदोन किलोमीटर! फोन करून म्हटलं, "अगं, रेघ नदीवरून उडत जाते. पोरीला तर पुलावरून जावं लागेल."

ती म्हणाली, "दादा, चालनं होते. पाय दुखतील त दुखतील. फी कुठून आणू?"

मी गप्प. माझ्या दोन्ही आकड्यांत हे अंतर नव्हतंच. फाटकाजवळची महागडी शाळा तिला मैलोगणती दूर, आणि नदीपलीकडची २५ टक्क्यांतली जवळ. हे कुठल्या बफरमध्ये बसवायचं?

वर्तुळ उलटंही चालतं बरं का. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला त्या २५ टक्के जागांतून सूट. म्हणजे तेच एक किलोमीटर, आधी दार उघडायला होतं, आता लावायला! पालक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. किती घरांचं भवितव्य एका कंपासच्या टोकावर फिरत होतं!

सरळ रेघ वाईट असं मी म्हणत नाही. सगळ्यांना सारखी असते, वाद कमी होतात. आणि बहिणीला तर तिनं मदतच केली. रस्त्यानं मोजलं असतं तर ती रांगेत मागे गेली असती. पण मोर्णेला पूर आला की त्या रेघेचा काय उपयोग, हेही खरंच ना?

असो. आता नकाशावर वर्तुळ काढताना मी आधी एक प्रश्न विचारतो: हे कुणाला आत घेण्यासाठी काढतोय, की बाहेर ठेवण्यासाठी? उत्तर सॉफ्टवेअर देत नाही. ते आपल्यालाच द्यावं लागतं.

तुमच्या गावात 'जवळ' म्हणजे किती? सांगा बरं.