सुई हातात घेण्याआधी



गेल्या महिन्यात बस्तीत दोघी-तिघींनी विचारलं, "ते जाळीवरचं भरतकाम आम्हालापण करायचंय, किट कुठलं घेऊ?" तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. कारण मी स्वतः दोन किट चुकीची घेतली होती, आणि तीही एकाच दिवशी.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. शाळेत आपण मॅटीवर फुलीचा टाका शिकलो. त्यात नक्षीच्या भोवतीचं कापड मोकळं राहतं. इथे मात्र कडक जाळीचं कॅनव्हास असतं आणि त्याचं एकेक घर तिरक्या टाक्यानं भरून सगळी जाळी झाकायची असते. म्हणून ते काम जाड आणि टिकाऊ होतं. उशीचा अभ्रा, बटवा, बसायचं आसन यांना ते छान शोभतं.

आता माझ्या चुका. कुंभोजच्या बाहुबलीला आपण लहानपणापासून जातो. तिथली 28 फुटी संगमरवरी मूर्ती डोळ्यांत इतकी बसलेली, की ऑनलाइन बाहुबली भगवंतांच्या चित्राचं किट दिसल्याबरोबर मी घेऊन टाकलं. बारा बाय सोळा इंच, इंचाला अठरा घरं. पहिलंच काम, पण चित्र सुंदर होतं ना! हिशेब नंतर केला. 216 गुणिले 288 म्हणजे 62,208 टाके. माझा वेग मिनिटाला दहा टाक्यांचा, म्हणजे शंभर तासांहून जास्त काम. त्यात करड्या रंगाच्या इतक्या छटा, की रात्री दिव्याखाली एक दुसरीसारखीच दिसायची. आणि पाकीट फोडल्यावर कळलं, की त्यातला पार्श्वभूमीचा दोरा रेशमाचा होता. माहितीत तसं लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. कोश उकळून काढलेल्या रेशमानं भगवंतांचं चित्र भरायचं, हे मनाला पटेना. तो दोरा बाजूला ठेवून सुती लड्या आणल्या. पाय आणि वेली झाल्या, साधारण बावीस हजार टाके, आणि काम थांबलं. साधं फुलाचं चित्र असतं तर सरळ कुणाला देऊन टाकलं असतं. हे ना टाकून देता येईना, ना साड्यांच्या खाली ठेववेना. दोन वर्षं कपाट उघडलं की अपराधी वाटायचं.

दुसरं किट सासूबाईंसाठी होतं. त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. साखरेमुळे डॉक्टरांनी उपवासही बंद केले होते. आयुष्यभर अष्टमी-चतुर्दशीला कडक उपवास करणारी बाई आता एकाशनावर आली होती आणि त्यावरून गप्प गप्प असायची. मला वाटलं, हाताला विरंगुळा होईल. मोठ्या भोकांच्या प्लॅस्टिकच्या जाळीवर छापलेला पोपट, चार रंगांची लोकर. त्यांनी उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्ये लहान पोरांचं हाय. माझ्यासाठी आणलंस व्हय?" रागावल्या नाहीत, पण पुन्हा हातही लावला नाही. ज्या बाईनं माहेरी मॅटीवर आख्खी चादर भरली होती, तिला मी पोपट दिला होता.

भाद्रपदात बस्तीत षोडशकारण भावनांवर प्रवचन झालं. सोळा भावनांमध्ये शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप या दोन येतात. त्याग आणि तप शक्तीप्रमाणे करावं. मला वाटायचं, याचा अर्थ एवढाच की झेपेल तेवढंच करा. पण सांगितलं असं, की आपली शक्ती लपवायचीही नाही. घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "बघ, तू झेपंना ते घेतलंस, आन् मला झेपतंय त्येच्यापेक्षा कमी दिलंस." मी काहीच बोलले नाही.

मग आम्ही दोघींनी मिळून त्यांचं किट घरीच तयार केलं. इंचाला दहा घरं असलेलं कॅनव्हास, कारण तेवढं त्यांना जवळच्या चष्म्यानं स्वच्छ दिसतं. बोथट टोकाची जाड सुई. सुती सहापदरी दोऱ्याचे दोन धागे एकत्र, म्हणजे बारा पदर, नाहीतर एवढ्या मोठ्या घरांतून जाळी डोकावते. नक्षी त्यांच्या जुन्या सुती इरकलीच्या काठावरची. ती चौकटीच्या वहीत उतरवली. एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे एकदा पाठ झाली की सारखं कागदाकडे बघावं लागत नाही. रंग त्यांनीच निवडले, डाळिंबी आणि हळदी. पाच बाय सहा इंचाची जपमाळेची पिशवी, दोन्ही बाजू मिळून 6,000 टाके. दीड महिन्यात झाली.

तेव्हा किट घेण्याआधी मी आता एवढं बघते.

पहिलं, चित्राच्या आधी घरं मोजा. इंचाला दहा ते तेरा घरं नवशिकीला बरी. अठरा घरांचं काम नाजूक दिसतं, पण नजर आणि सवड दोन्ही मागतं. लांबी-रुंदीचा गुणाकार करा आणि आपल्या मोकळ्या वेळेशी ताडून बघा.

दुसरं, जाळीवर रंगवलेलं चित्र की कागदावरून मोजायची नक्षी? मोजताना सारखं चुकत असेल तर रंगवलेलं घ्या. मोजण्यातच मजा वाटत असेल तर रंगवलेलं चार दिवसांत कंटाळवाणं होईल.

तिसरं, दोरा कशाचा ते वाचा. रेशीम, लोकर, सूत, काहीही असू शकतं. लोकरीचं ज्यानं त्यानं आपल्या नियमाप्रमाणे ठरवावं. आमच्या घरी सूतच.

चौथं, वस्तू कुठे जाणार ते ठरवा. स्वस्तिक किंवा भगवंतांचं चित्र बसायच्या आसनावर नको. आणि पहिल्याच कामाला देवाचं चित्र घेऊ नका. अर्धं राहिलं तर मनाला लागतं.

पाचवं, दुसऱ्यासाठी घेत असाल तर आधी विचारा. आजारपणावरून माणसाची आवड आणि कसब ठरवू नका.

माझ्या बाहुबलींचं म्हणाल, तर सासूबाईंनी ते कपाटातून बाहेर काढायला लावलं. चाळीस हजार टाके शिल्लक आहेत. चातुर्मासात रोज दोनशे टाके, सकाळी उजेडात, स्वाध्यायानंतर. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दोन चातुर्मासांत होईल. दोनशे झाले की सुई ठेवायची, हुरूप आला तरी. हा नियम त्यांचा.

त्या स्वतः शेजारी बसतात. पिशवी झाल्यावर आता त्यांना तेरा घरांचं कॅनव्हास हवंय. "दहाचं लई सोपं झालं," म्हणतात.

जय जिनेंद्र.