अर्धा उजेड

विवाहसंस्कारात वधूवर परस्परांना जी संमती देतात, ती एकदाच दिली जाते. आपल्या लॅटिन परंपरेप्रमाणे हा संस्कार एकमेकांना देतात ते वधूवरच. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने ती संमती स्वीकारतो आणि दोन साक्षीदार ती ऐकतात. छायाचित्रकार असलाच पाहिजे असे धर्मविधीने कोठेही म्हटलेले नाही. तरीही त्याच्यावाचून आज एकही लग्न लागत नाही.

गेल्या लग्नसराईत नांदेडला एका विवाहात वधूच्या बोटात अंगठी गेली आणि कॅमेरा घेऊन उभा असलेला मुलगा कासावीस होऊन पुटपुटला, "फादर, फ्लॅश पडला नाही. अंगठी पुन्हा घालायला सांगा ना." पाहुण्यांत हशा पिकला. मी हळूच म्हणालो, "बाळ, झाले ते झाले. पुढचे नीट टिप." मिस्सा संपल्यावर त्याची चांगली कानउघाडणी करावी, असे वधूच्या मामांचे मत होते. माझ्याने ते झाले नाही. एकेकाळी मीही त्याच जागी उभा होतो, आणि त्याने दाखवला तेवढा प्रामाणिकपणा मला दाखवता आला नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी पुण्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत ८ ते १० हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. मदतीला गेलेल्या विद्यार्थ्यांत मीही होतो. एक आजी ढिगारा उपसत होती. भांडी वर आली तरी तिचे तिकडे लक्ष नव्हते. तिला मुलाच्या लग्नातला फोटो हवा होता. तो अखेरपर्यंत सापडला नाही. गरिबाच्या घरात माणसाचे चित्र बहुधा लग्नाच्या निमित्तानेच काढले जाते, हे मला त्या दिवशी उमगले. गुरुदीक्षेनंतर थोरल्या भावाने दिलेला जुना पेन्टॅक्स के-१००० मी त्याच जाणिवेने हाती घेतला.

१९९९ च्या मे महिन्यात लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात लग्न होते. वधूचे वडील शेतमजूर, दीर्घ आजाराने खंगलेले. स्टुडिओवाला परवडणारा नव्हता. विधी तेथील वडीलधारे फादर करणार असल्याने फोटोंचे काम माझ्याकडे आले.

त्या कॅमेऱ्याच्या शटरमध्ये कापडाचे दोन पडदे असतात. पहिला सरकला की फिल्म उघडी होते, दुसरा मागून येऊन ती झाकतो. वेग सेकंदाच्या १/६० पर्यंत असेल, तर एक निमिष संपूर्ण फिल्म उघडी असते आणि फ्लॅशचा लखलखाट नेमका तेव्हा होतो. वेग त्याहून वाढवला, तर फ्लॅश उडेपर्यंत दुसऱ्या पडद्याने फिल्मचा काही भाग झाकलेला असतो. हे मला पाठ होते. परंतु बाहेर भर उन्हात वऱ्हाडाचे फोटो घेताना मी वेग १/१२५ वर नेला होता. घाईने आत येऊन फ्लॅश चढवला आणि चकती मागे फिरवायची राहिली. फ्लॅश तर दर वेळी उडत होता, त्यामुळे शंका येण्याचे कारणच नव्हते.

विधीनंतर वडिलांनी थरथरता हात लेकीच्या डोक्यावर ठेवला. मी बटण दाबले.

चार दिवसांनी लातूरहून फोटो धुऊन आले. त्या चित्रात अर्ध्या भागात उजेड आणि अर्ध्या भागात काळोख. उजेडात मुलगी मान खाली घालून उभी. काळोखातून कोपरापासूनचा एक हात तिच्या डोक्यापर्यंत आलेला. वडील त्या काळोखात बुडालेले.

चूक एवढीच असती, तर ती सुधारता आली असती. दुसऱ्याच दिवशी कॅमेरा घेऊन त्या घरी जायचे, झाले ते सांगायचे आणि बापलेकीला पुन्हा शेजारी उभे करायचे, एवढेच करायचे होते. मला लाज वाटली. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत मी पाकीट टेबलाच्या खणात ठेवून दिले. पावसाळा सुरू झाला आणि वडील वारल्याचा निरोप आला. त्यांचा दुसरा फोटो त्या घरात नव्हता.

म्हणूनच नांदेडच्या त्या मुलाला मी पुढच्या शनिवारी चर्चमध्ये बोलावले. त्याच्या फ्लॅशमध्ये दोन सेल नवे होते आणि दोन जुने. एक सेल दमला की बाकीच्यांची शक्ती वाया जाते आणि फ्लॅश पुन्हा सज्ज व्हायला वेळ लागतो. त्याने सज्जतेचा दिवा लागण्यापूर्वीच बटण दाबले होते. मी सांगितले, चारही सेल एकाच जातीचे, एकाच वेळी चार्ज केलेले हवेत आणि तसाच दुसरा संच खिशात हवा. आपल्याकडे विजेचा भरवसा नाही, तेव्हा ते काम लग्नाच्या पहाटेवर ठेवू नये. फ्लॅशचा पाय खाचेत शेवटपर्यंत सरकवून आवळावा. दर वेळी पूर्ण शक्ती वापरू नये. आयएसओ ८०० करून फ्लॅश पाव शक्तीवर ठेवला, तर तो लगेच सज्ज होतो आणि मे महिन्याच्या उकाड्यात तापून बंद पडत नाही. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, म्हणून वेदीजवळची आपली जागा आधीच ठरवावी. पांढऱ्या छतावरून परावर्तित केलेला उजेड सौम्य असतो, पण मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडावरून तो चेहऱ्यावर तोच रंग घेऊन येतो. पांढऱ्या साडीपुढे स्वयंचलित मापन फसते आणि चित्र काळवंडते, तेव्हा उजेड थोडा वाढवावा लागतो. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत शटरची मर्यादा १/२०० किंवा १/२५० च्या आसपास असते. त्याच जोडीचा फ्लॅश असेल, तर कॅमेरा ती सहसा आपणच सांभाळतो. साधा फ्लॅश लावला, तर ती आपणच सांभाळायची. आणि वधू येण्यापूर्वी वेदीसेवकाला तिच्या जागी उभे करून एक फोटो काढून पाहावा.

"एवढे करूनही चुकले तर?" त्याने विचारले.

"तर त्याच दिवशी सांगायचे," मी म्हणालो, "जसे तू सांगितलेस."

त्या वर्षी पावसाळ्यातच मी ते पाकीट घेऊन लातूरकडच्या त्या घरी गेलो होतो आणि सगळे सांगून क्षमा मागितली होती. मुलगी बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हात आहे की, फादर. हा हात मी कुठंबी ओळखीन." तिने ते चित्र चौकटीत बसवून घेतले. माझ्या खणात मात्र त्याची दुसरी प्रत अजून आहे, आणि नव्या मुलाच्या हाती कॅमेरा देण्यापूर्वी मी त्याला ती दाखवतो.