गाडीचे दात कसे बघायचे?

बालमित्रांनो, आपल्या उदगीर तालुक्यात हाळी-हंडरगुळीला जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथं बैल घेणारा आधी त्याचे दात बघतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती; आणि खालचे आठही पक्के दात आले की बैल 'जुळला'. त्यानंतर दात वाढत नाहीत. मग वय कसं ओळखायचं? जाणता शेतकरी दात किती झिजलेत ते बघतो.

मला हे आठवलं एका जुन्या मोटारसायकलीसमोर! ओळखीच्या एका काकांना त्यांची यामाहा आर. एक्स. १०० विकायची होती. तुमच्या बाबांना विचारा, नाव ऐकताच त्यांचे डोळे चमकतील. एस्कॉर्ट्‌स कंपनीनं जपानच्या यामाहाच्या साहाय्यानं १९८५ ते १९९६ या काळात ती भारतात बनवली. इंजिन फक्त ९८ सी.सी.चं, पण ताकद ११ अश्वशक्तीची! हे टू-स्ट्रोक इंजिन. फोर-स्ट्रोकमध्ये इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदा इंधन पेटतं, यात प्रत्येक फेरीला. त्यात गाडी वजनाला हलकी. मग पळणार नाही तर काय! लहानपणी तिचा आवाज आला की आम्ही खेळ सोडून रस्त्यावर धावायचो.

मीटरवर आकडा होता २३,४००. एवढ्या जुन्या गाडीला हे कमीच की! पण थांबा. त्या मीटरला पाचच घरं. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणजे गाडी १,२३,४०० किलोमीटरही चाललेली असू शकते. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर; म्हणजे तीन प्रदक्षिणा!

मग मी तिचे 'दात' बघितले. ब्रेकच्या पायपट्टीवरच्या रेघा पुसून गुळगुळीत झाल्या होत्या. किकचं रबर झिजलं होतं. इंजिन आधी हात लावून बघितलं, थंडगार होतं. हे महत्त्वाचं, कारण तापलेलं इंजिन लबाडी करतं, चटकन चालू होतं. थंड इंजिनला सात किका लागल्या. चासी आणि इंजिनचे नंबर मात्र आर.सी. बुकाशी तंतोतंत जुळले. काकांनी काही लपवलं नव्हतं. गाडी खरोखरच खूप चालली होती, एवढंच.

आता हिशोब. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. इंजिनचं काम निघणार, ते वेगळं. माझी शाळा चौदा किलोमीटरवर, जाऊन-येऊन अठ्ठावीस. वर्षाचे दोनशे दिवस धरले तर ५,६०० किलोमीटर. म्हणजे सात वर्षांत या म्हातारीला चौथी प्रदक्षिणा घालावी लागणार!

आणि शाळेची किल्ली माझ्याकडे असते. गाडी वाटेत रुसली, तर चिमुकली पोरं कुलपासमोर उभी राहणार.

मी काकांना म्हणालो, "काका, गाडी लाखात एक आहे. पण रविवारी फिरायला. माझ्या सोमवारचं काय?" काका हसले आणि म्हणाले, "गुरुजी, एक चक्कर तरी मारा!" किल्ल्यापर्यंत चक्कर मारली. काय सांगू, अंगावर काटा आला! तरी परत येऊन चावी त्यांच्या हातात दिली.

आता तुमची पाळी. आपली सायकल नीट बघा. पायडलचं रबर कुठं झिजलंय? टायर कोणत्या बाजूनं गुळगुळीत झालाय? आणि घरापासून शाळेचं अंतर विचारून हिशोब करा, तुमची पृथ्वीप्रदक्षिणा किती वर्षांत पुरी होईल?