अंगठ्याचा ठसा

ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती घ्यायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पिशवीत संमतीपत्रकांचा गठ्ठा आणि शाईचा पॅड होता. संस्थेच्या नीतिसमितीने ते पत्रक दोनदा परत पाठवून दुरुस्त करून घेतले होते. पहिल्याच कोपीतल्या बाईने मजकूर शांतपणे ऐकला आणि पॅड पुढे करताच हात पदराखाली घेतला. "बोलते की ताई, पण अंगठा नगं." मुकादमाकडून उचल घेताना तिच्या नवऱ्याने कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता. ती उचल अजून फिटली नव्हती.

मी चिडले ते समितीवर. डॉक्टरांसाठी केलेले नियम आमच्यावर लादले, असे मला वाटत होते. त्यात थोडे तथ्यही आहे. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना अंधारात ठेवून त्यांच्यावर उपचार टाळले गेले. ते उघडकीस आल्यावर १९७४ साली कायदा झाला, आणि त्या चौकटीत पुढे समाजशास्त्रेही आली.

परंतु आमच्या शास्त्राचे हात स्वच्छ होते असे नव्हे. लॉड हम्फ्रीज यांनी १९६०च्या दशकात सार्वजनिक स्वच्छतागृहांत समलिंगी संबंधांसाठी येणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला. त्यांच्या गाड्यांचे क्रमांक टिपून पत्ते मिळवले आणि सुमारे वर्षभराने वेष पालटून, आरोग्य पाहणीच्या नावाखाली, त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. 'टीरूम ट्रेड' हे पुस्तक १९७० साली आले. त्याने त्या पुरुषांविषयीचे अनेक गैरसमज दूर केले, हे मान्यच. पण ती यादी पोलिसांच्या हाती लागती तर? केवळ संशोधकाच्या सद्हेतूच्या भरवशावर कुणाचा संसार टांगणीला लावता येत नाही. समिती हवी ती एवढ्यासाठी.

हे वाचताना मला माझा गठ्ठा आठवला. तीही एक यादीच होती. मुकादमाविरुद्ध कोण बोलले याचा एकमेव पुरावा, अंगठ्यासकट, माझ्याच पिशवीत राहणार होता. सही हाच व्यक्तीची ओळख पटवणारा एकमेव दुवा असेल आणि मुख्य धोका गोपनीयता भंगण्याचाच असेल, तर ती माफ करण्याची मुभा अमेरिकी नियमांतही आहे. मी समितीकडे तोंडी संमतीची परवानगी मागितली. तीन आठवड्यांनी ती मिळाली.

ती बाई मग तासभर बोलली. मध्येच थांबून म्हणाली, "हे मातर लिहू नगं." मी पेन खाली ठेवले. लिहिले असते तर समितीला ते कधीच कळले नसते.